शिप्रेतले बेट आणि सहलीचा इतिहास

'सहल' हा शब्द आज आपल्या घराघरांत इतका रुळला आहे की तो दरबारातून आला असेल असे मनातही येत नाही. परंतु 'सहल' काय किंवा 'सैर' काय, हे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. आपला जुना शब्द 'यात्रा'. आपले आजे-पणजे यात्रेला जात. पंढरपूर, तुळजापूर, नरसोबाची वाडी, आणि गाठीला पैसा असला तर काशी. केवळ मौजेसाठी, दोघांनीच, देवाचे निमित्त न सांगता घराबाहेर पडावे ही कल्पना त्यांना मानवली नसती. राजांना मात्र ती शेकडो वर्षांपूर्वी मानवली होती. मग मौज राजाकडून प्रजेकडे कशी आली, आणि येताना तिने काय किंमत घेतली, हा प्रश्न इतिहासाच्या मास्तराला पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी वाचकांना उज्जैनला नेणार आहे. पण महाकालाच्या गाभाऱ्यात नव्हे, तर शहराच्या उत्तरेला सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या एका बेटावर.

या जागेचे नाव कालियादेह. शिप्रा ही उत्तरवाहिनी नदी. उज्जैनचे घाट मागे टाकून ती पुढे जाते, तेथे तिचे दोन फाटे होतात आणि मधे बेटासारखी जागा तयार होते. या जागेवर पूर्वी सूर्यमंदिर होते अशी परंपरा आहे. माळव्याच्या खिलजी सुलतानांनी तेथे जलमहाल उभारला. मधोमध घुमट, चारी बाजूंनी सज्जे, आणि त्यांच्या पायाशी दगडी कुंडांची रांग. लोक त्यांना 'बावन कुंड' म्हणतात. रचनेतली खुबी अशी की नदीचे पाणी दगडी पाटांतून वळवून एका कुंडातून दुसऱ्या कुंडात खेळवत न्यायचे, पायऱ्यांवरून लहान लहान धबधब्यांसारखे उतरवायचे आणि शेवटी पुन्हा नदीतच सोडायचे. माळव्याच्या वैशाखातही तेथे बसणाऱ्याच्या अंगावर ओला वारा यावा अशी ही योजना. पंप नाही, यंत्र नाही. सारा खेळ उताराचा आणि वाहत्या पाण्याचा.

या बांधकामाचे श्रेय जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रात नासिरुद्दीन खिलजीला देतो. हा सुलतान १५०० साली गादीवर आला. त्याचा बाप गियासुद्दीन हाही मोठा हौशी पुरुष. मांडूचा प्रसिद्ध जहाज महाल त्याच्या काळातला मानतात. मुंज तलाव आणि कपूर तलाव या दोन तळ्यांच्या मधे सुमारे एकशेवीस मीटर लांबीची, चिंचोळी, दुमजली इमारत. पावसाळ्यात तळी भरली की ती पाण्यावर तरंगणाऱ्या गलबतासारखी दिसते. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या राजाने जलविहाराची हौस अशी भागवली. बापाने न हलणारे जहाज बांधले आणि मुलाने पाण्याने वेढलेला महाल!

या महालाची एक कथा जहांगीरनेच नोंदवून ठेवली आहे. नासिरुद्दीनच्या अंगात उष्णता फार, म्हणून तो बराच वेळ पाण्यात काढी. एकदा नशेत तो कुंडात पडला. हाताखालच्या माणसांनी धावून, केस धरून त्याला बाहेर ओढले. शुद्धीवर आल्यावर, आपल्या केसांना हात लावला गेला हे ऐकून तो इतका संतापला की वाचवणाऱ्याचेच हात तोडण्याचा हुकूम त्याने दिला. पुढे पुन्हा एकदा तो तसाच पाण्यात पडला, तेव्हा काठावरचे कोणी पुढे झाले नाही. सुलतान बुडून मेला. इतर इतिहासकार त्याचा मृत्यू तापाने झाला असे सांगतात, आणि मलाही तेच अधिक संभवनीय वाटते. नासिरुद्दीनने बापाला विष दिले असे जहांगीर मानत होता, त्यामुळे त्याच्याविषयी बरे लिहिण्याचे त्याला कारण नव्हते. मांडूला गेल्यावर त्याने नासिरुद्दीनची कबर उकरून हाडे नर्मदेत टाकायला लावली. तरीही ही कथा मी वर्गात सांगतो. ती शब्दशः खरी नसली तरी राजाच्या मौजेच्या काठावर कोण उभे होते आणि त्यांची काय गत होती, हे तिच्यातून विद्यार्थ्यांना चटकन समजते.

अकबर दक्षिणेच्या मोहिमेच्या काळात आणि त्यानंतर जहांगीर, असे दोन्ही बादशहा कालियादेहला येऊन गेले. जहांगीर १६१६ च्या नोव्हेंबरात अजमेरहून मांडूकडे निघाला आणि १६१७ च्या आरंभी येथे उतरला. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याच छावणीबरोबर होता. कालियादेहहून बादशहा नावेत बसून पुढच्या मुक्कामी गेला असे तो स्वतः लिहितो. वाचकहो, आज ज्या शिप्रेत उन्हाळ्यात पाणी दिसावे म्हणून सरकारला खटपट करावी लागते, त्या शिप्रेवरून चारशे वर्षांपूर्वी बादशहाची नाव चालली होती! त्याच मुक्कामात तो जदरूप नावाच्या एका संन्याशाला भेटला. जेमतेम अंग आकसून आत शिरता येईल अशा भुयारात तो साधू राहत असे. त्या भुयाराच्या तोंडाची मापेसुद्धा बादशहाने लिहून ठेवली आहेत. पाण्याने वेढलेल्या महालातला माणूस उठून भुयारातल्या माणसाला भेटायला जातो आणि पुढच्या वर्षी परतताना पुन्हा जातो, ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या ऐश्वर्यापेक्षा लक्षात राहण्याजोगी वाटते.

या प्रवासात बादशहाचे कुटुंब बरोबर होते. नूरजहान बेगमेने मांडूच्या मुक्कामात हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारले. आणि बायकोच्या नेमबाजीचे कौतुक नवऱ्याने मोकळ्या मनाने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. तळ्यांच्या मधोमध असलेल्या तिच्या महालात एका रात्री मेजवानी झाली. सभोवार पाण्याच्या काठाने दिवे आणि कंदील लावले होते आणि त्यांची प्रतिबिंबे पाण्यात अशी पडली होती की साऱ्या तळ्याला आग लागल्याचा भास व्हावा, अशा आशयाचे वर्णन जहांगीर करतो. नवरा-बायकोने पाण्यातल्या महालात घालवलेल्या रात्रीचे इतके हौसेने केलेले वर्णन आपल्याकडच्या इतिहासात क्वचितच सापडते. दीपावलीच्या अंकात त्याची आठवण अस्थानी ठरू नये.

याच कुटुंबाच्या पुढच्या सफरीत, १६१८ साली, दोहदला शहाजहानला मुलगा झाला आणि त्याच्या जन्माची मेजवानी उज्जैनला झाली. तो मुलगा म्हणजे औरंगजेब. पुढे १६५८ च्या एप्रिलमध्ये उज्जैनच्या नैर्ऋत्येस धर्मत येथे याच मुलाने बापाच्या फौजेचा पराभव केला. जेथे बारशाचे ताट वाढले, तेथून जेमतेम अर्ध्या दिवसाच्या वाटेवर रणांगण. असो.

आता मराठ्यांकडे वळू. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादुर याला मारले आणि नर्मदेपलीकडचा प्रदेश मराठ्यांना मोकळा झाला. शिंदे, होळकर, पवार यांची वाटणी झाली. उज्जैन राणोजी शिंद्यांकडे आले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. म्हणजे सुलतान आणि बादशहा ज्या गावाला जलविहारासाठी येत, तेथे मराठे आले ते मुलूखगिरीसाठी, आणि मागोमाग त्यांच्या घरची माणसे आली ती देवदर्शनासाठी. बेट ओस पडले आणि घाट गजबजले.

तीर्थयात्रेला मी कमी लेखत नाही. उलट घरातल्या बाईला उंबरठा ओलांडायचा असेल तर यात्रा हाच तिचा परवाना होता. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली पुण्याहून निघाल्या. नर्मदा ओलांडून उदयपूर, जयपूर, मथुरा, काशी, गया करून १७३६ त परतल्या. ठिकठिकाणच्या राजांनी त्यांचा सन्मान केला आणि पेशव्यांच्या राजकारणाला त्याचा लाभ झाला, हे इतिहासात आहे. परंतु वर्षाहून अधिक काळ रोज नवा मुलूख, नवी नदी, नवी बोली पाहणाऱ्या त्या वृद्ध बाईंना आनंद झाला असेल की नाही, हे कोणी टिपून ठेवले नाही. पुण्याची नोंद होई, आनंदाची नोंद करण्याची आपल्याकडे पद्धतच नव्हती.

सीमाभागातल्या वाचकांना एक नाव जवळचे वाटेल, ते बायजाबाई शिंदे यांचे. या कागलच्या सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. १७९८ साली दौलतराव शिंद्यांशी त्यांचा विवाह झाला. १८१० मध्ये दौलतरावांनी मुख्य ठाणे ग्वाल्हेरला हलवले तरी उज्जैनशी नाते राहिलेच. शहराच्या मध्यवस्तीतले चांदीच्या दारांचे गोपाळ मंदिर बायजाबाईंनी बांधवले. राज्य हातून गेल्यावर १८३५ मध्ये फतेगडच्या मुक्कामात त्यांना फॅनी पार्क्स नावाची इंग्रज प्रवासी बाई भेटली. मराठा स्त्रिया घोड्यावर पुरुषांसारखी मांड टाकून बसतात आणि इंग्रज मडमा एका बाजूला पाय सोडून वाकड्या बसतात, याचे बायजाबाईंच्या मंडळींना हसू आले. पार्क्सबाई मग मराठी पद्धतीने घोड्यावर बसल्या आणि ही बैठकच अधिक सोयीची, असा निर्वाळा त्यांनी आपल्या पुस्तकात दिला. कागलच्या लेकीने उत्तरेत जाऊन मडमेला घोड्यावर बसायला शिकवावे, यासारखी सहलीची गंमत दुसरी नाही! आणि तीही आपल्याला कळते ती इंग्रज बाईच्या वहीतून.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या धामधुमीत, पेंढाऱ्यांच्या काळात, कालियादेहचा महाल पडझडीला लागला. १९२० साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी त्याची डागडुजी केली. उज्जैनला सवाई जयसिंहाने बांधलेल्या वेधशाळेचे कामही त्यांनीच १९२३ मध्ये करवून घेतले. पुढे संस्थान गेले, १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. आता महाल पाहायला राजाची परवानगी लागत नव्हती. शाळामास्तर, तारमास्तर, गिरणीतला कामगार, कोणीही रविवारी डबा घेऊन बेटावर जाऊ लागला. मौज प्रजेकडे आली ती अशी.

या काळात माळव्यातल्या मराठी घरांनी काय कमावले हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या दोन भाषांच्या जिल्ह्यांत त्याचे मोल लगेच कळेल. गजानन माधव मुक्तिबोध यांचे कुटुंब याच परिसरातले. एक भाऊ हिंदीचा मोठा कवी झाला, दुसरे शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. एका स्वयंपाकघरात दोन भाषा नांदल्या म्हणून कोणतीही उपाशी राहिली नाही. आणि उज्जैनचेच विष्णु श्रीधर वाकणकर! १९५७ साली भोपाळकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना खडकांची एक ओळ दिसली. इतर प्रवासी डबे उघडून जेवत असतील किंवा झोपले असतील. वाकणकर तेथे पायी गेले आणि भीमबेटकाची हजारो वर्षांपूर्वीची चित्रे जगापुढे आली. सहलीला निघताना मी विद्यार्थ्यांना एकच सूचना देतो: खिडकीबाहेर पाहा.

काही वर्षांपूर्वी शाळेची सुट्टी साधून मी आणि आमच्या सौभाग्यवती असे दोघेच उज्जैन-ओंकारेश्वरला गेलो. मुले मोठी झालेली, घरची जबाबदारी थोडी हलकी झालेली. ओंकारेश्वर म्हणजे नर्मदेतले मांधाता बेट. नावेने त्या बेटाला वळसा घालता येतो, आणि आपल्यासारख्या मराठी जोडप्याची पिढ्यान् पिढ्या चालत आलेली 'जलसफर' ती हीच. नावेत बसल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, ''दर्शन झालंय, आता घाई कशाला? अजून एक फेरी मारू या की.'' तीस वर्षांच्या संसारात देवाचे काम झाल्यावरही थांबू या, असे त्या प्रथमच म्हणत होत्या. आम्ही दुसरी फेरी मारली. नावाड्याने दुसऱ्या फेरीचे पैसे कमी घेतले.

कालियादेहला मात्र आम्ही गेलो तेव्हा मन खट्टू झाले. महाल उभा होता. पण पाट फुटलेले, कुंडांत कोठे चिखल, कोठे शेवाळ. अमावास्येला भूतबाधा उतरवण्यासाठी स्नानाला येणाऱ्यांच्या कपड्यांच्या चिंध्या काठाला अडकलेल्या. ज्या जागेचे सारे सौंदर्य वाहत्या पाण्यात होते, तेथे पाणीच आजारी होते. त्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. इंदूरहून येणारी खान नदी त्या मोठ्या शहराचे मैले पाणी घेऊन उज्जैनच्या वरच्या अंगाला शिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी हे पाणी नळातून शहराबाहेरून वळवून खाली कालियादेहच्या बाजूला सोडण्याची योजना अमलात आली. घाट स्वच्छ राहावेत हा हेतू चांगला. परंतु ज्या बेटावर सुलतानांनी पाणी खेळवले, त्याच्याच वाट्याला गावाने नाकारलेले पाणी आले. आणि शिप्रेची उन्हाळ्यातली धार? ती २०१४ पासून ओंकारेश्वर जलाशयातून पंपाने उचललेल्या नर्मदेच्या पाण्यावर आहे. २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी शिप्रेत डुबकी घेतली ती बरीचशी नर्मदेत होती. २०२२ मध्ये 'महाकाल लोक' झाल्यापासून उज्जैनची गर्दी कितीतरी वाढली. पण त्यांतले फारच थोडे लोक त्या बेटाकडे वळतात.

तरुण जोडपी आता कोठे जातात? खंडव्यापासून पन्नासेक किलोमीटरवर हनुवंतिया नावाचे ठिकाण आहे. इंदिरा सागर धरणाच्या विस्तीर्ण पाण्यावर २०१६ पासून तेथे जलमहोत्सव भरतो. तंबू, वेगवान बोटी, क्रूझ, पाण्यातली बेटे, सगळा थाट. आमच्या नात्यातले एक नवविवाहित जोडपे जाऊन आले. त्यांनी दाखवलेली छायाचित्रे पाहून मी खरोखर हरखलो. जहांगीर-नूरजहानला जे मांडूला लाभले, ते आज बँकेतल्या कारकुनालाही परवडते, ही लहान गोष्ट नव्हे. लोकशाहीने दिलेल्या देणग्यांत मी सुट्टीचीही गणना करतो.

पण ती बेटे म्हणजे पूर्वीच्या टेकड्यांचे माथे आहेत, हे त्या मुलांना कोणी सांगितले नव्हते. त्या पाण्याखाली सुमारे अडीचशे गावांच्या जमिनी गेल्या आणि हरसूद नावाचे अख्खे तालुक्याचे गाव गेले. २८ सप्टेंबर १९८९ रोजी याच हरसूदला मोठ्या धरणांविरुद्ध देशभरातून माणसे जमली होती; त्यांत आपले बाबा आमटे होते, मेधा पाटकर होत्या. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर हरसूद रिकामे करण्यात आले. लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली, कारण विटा आणि वासे तेवढे बरोबर नेता येणार होते. धरणाची वीज आपल्या घरांत येते, पाणी शेतांत जाते. हे मीही जाणतो आणि धरण नको होते असा निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु नासिरुद्दीनच्या कुंडाच्या काठी जसे कोणीतरी उभे होते, तसे या पाण्याच्या काठीही आहे, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे. सुलतानाला आपल्या मौजेचे मोल कोणी दिले हे विचारण्याची गरज वाटली नाही. आपण मतदार आहोत. आपल्याला वाटली पाहिजे.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत जे वाचक उज्जैनकडे जाणार असतील त्यांना माझे सुचवणे आहे. महाकालाचे दर्शन घ्या. मग एक रिक्षा करून कालियादेहलाही जा आणि मुलांना ते फुटके पाट दाखवून पाणी कोठून कोठे जात असे ते ओळखायला लावा. नवीन लग्न झालेल्यांनी हनुवंतियाला जरूर जावे, क्रूझवर बसावे, एकमेकांची छायाचित्रे काढावीत आणि दुसरी फेरीही मारावी. मात्र बोट काठाला लागली की उतरण्यापूर्वी बोट चालवणाऱ्याला, किंवा काठावर चहा देणाऱ्याला, मोडक्यातोडक्या हिंदीत का होईना, एवढे विचारा: ''भैया, आपका पुराना गाँव किधर था?'' तो ज्या दिशेला हात करील, तिकडे क्षणभर पाहा.